चालू यंत्राची पूजा

जुन्नर, ११ सप्टेंबर २०२५

वृषे,

फोन लावून लावून बोटं दुखली. एकदाचा लागला, तेव्हा तू नुसतं 'हॅलो हॅलो' करत होतीस आणि तुझ्यामागे कुणीतरी शेळीच्या भावावरून भांडत होतं. आहुप्यात रेंज एकाच कातळावर येते आणि तिथे अख्खं गाव उभं असतं हे मला आता पटलं. म्हणून आजपासून टपाल. तू बाई आहेस शाळेतली, शुद्धलेखनाच्या चुका काढत बस.

बातमी चांगली आहे. निमगाव सावाचं काम मी संपवलं. सयाजीरावांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना तुला माहीतच आहे, तुझा नवरा तिथेच माल उचलायला आहे. टोमॅटो, द्राक्षं, फुलं, सगळ्यांची खोकी तिथून जातात. त्यांचं कटिंग मशीन म्हणजे म्हातारं धूड होतं. एकच मोटर, चार पट्टे आणि दिवसभर खडखड. ती मोटर मी भंगारात काढायला लावली आणि दोन सर्वो मोटारी बसवल्या. एक पुठ्ठा पुढे ओढते, दुसरी पातं खाली आणते आणि वर नेते.

तू दुसऱ्या वर्षी डिप्लोमा सोडून डी.एड.ला पळालीस, म्हणून सांगते. साधी मोटर म्हणजे सुटलेला बैल. सर्वो तशी नाही. तिच्या पाठीवर एन्कोडर असतो, तो तिचा डोळा. आपण कुठवर आलो ते ती सतत बघत असते आणि केबलमधून ड्राइव्हला कळवत असते. ड्राइव्ह म्हणजे पॅनेलमधला डबा, तो सांगतो 'थोडं पुढे, आता थांब.' केसभर इकडचं तिकडे होत नाही. अब्बा आयुष्यभर मोटारींचं वाइंडिंग भरत आले, पण पातं पहिल्यांदा बरोबर रेघेवर थांबलं तेव्हा तेही गप्प झाले. त्यांना गप्प करणं किती अवघड आहे ते तू जाणतेस.

सयाजीरावांची आई, धोंडाबाई, तेवढी नाराज होती. दारात उभी राहून म्हणाली, "पोरी, पितरांच्या पंधरवड्यात नवी वस्तू आणू न्हाई." मी म्हटलं, "आजी, मशीन जुनंच आहे, मोटारी तेवढ्या नव्या." ती हसली नाही.

आणि ऐक, मशीन चालवायला कोण ठेवू म्हणून सयाजीरावांनी विचारलं तेव्हा मी तुझ्या नवऱ्याचं नाव पुढे केलं. पाठीवर ओझी वाहण्यापेक्षा बटणं दाबलेली बरी. दाजींना म्हणावं, आता साल्याऐवजी साली पार्टी मागतेय.

तुझी,
रुमाना


आहुपे, २१ सप्टेंबर २०२५

रुमे,

तुझं पत्र मिळालं. दोन काने राहिलेत, एक वेलांटी चुकली आहे. तू सुदर्शनचं नाव सुचवलंस हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुझ्यापासून काय लपवायचं, मला भीती वाटते आहे.

शनिवारी तो घरी आला. जेवताना म्हणाला, "मशीन थांबलेलं असतं, तरी पातं थरथरतं. अन् मधीच दचकल्यावानी हालतं. कोनी हात बी लावलेला नसतो." मी विचारलं, रुमानाला सांगितलंस का? तर म्हणाला, "ताईंनी एवढ्या विश्वासानं नाव दिलं, पयल्याच आठवड्यात काय रडत जाऊ?"

कारखान्यात तर वेगळीच कुजबुज आहे म्हणे. तिथला वायरमन गोरख सगळ्यांना सांगत फिरतो की पितरांत बसवलंय, ते काहीतरी मागतंय. एकाने बोकड सुचवला. आज सर्वपित्री अमावास्या. सुदर्शन अंगणात बसून कावळ्याची वाट बघत होता आणि कावळा घासाला शिवेना. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

तू हसशील. हस. पण तू माझ्या बाबांना पाहिलं आहेस. घोडेगावच्या स्टँडवर आमची रसवंती होती आणि मी आठवीत असताना उसाच्या चरकात त्यांची चार बोटं गेली. मी समोर उभी होते. चरक काही लगेच थांबला नाही. माझ्या हातात गिऱ्हाइकाला द्यायचा ग्लास होता. मी पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लेथपाशी जायची नाही आणि सर ओरडायचे, आठवतं? डिप्लोमा मी गणितासाठी नाही सोडला. फिरत्या वस्तूसमोर मला उभं राहवत नाही, म्हणून सोडला.

आणि आता माझा नवरा एका पात्यासमोर उभा असतो, जे आपणहून हलतं. पुठ्ठ्याची कतरण अडकली की त्याला आत हात घालून काढावी लागते. सोमवारी तो पहाटेच्या गाडीने खाली जातो आणि शनिवारपर्यंत मला काही कळत नाही. कातळावर कुणाचाही फोन वाजला तरी मी हातातलं टाकून बघायला जाते. काहीतरी कर गं.

वृषाली


जुन्नर, २७ सप्टेंबर २०२५

वृषे,

हसले नाही. थोडीशी हसले, बोकडावर.

आता नीट वाच. सर्वो थांबलेली असते म्हणजे झोपलेली नसते, ती ताकद लावून जागा धरून उभी असते. तू हात सरळ ताणून उभी राहा, थोड्या वेळाने हात थरथरेल. मी ती जरा जास्तच कडक ट्यून केली आहे, सयाजीरावांना काम वेगात हवं म्हणून. त्या कडकपणाला आम्ही गेन म्हणतो. कालच गोरखला फोनवर सांगून गेन कमी करायला लावला. "कमी झालं का रे थरथरणं?" "झालं थोडं." बस, भूत उतरलं.

दुसरी गोष्ट, ही तर पाठच कर. मशीनच्या पुढे जाळीचं दार आहे. दाराला एक स्विच आहे आणि दारावर एक चपटी चावी कायमची बसवलेली आहे. दार लावलं की चावी स्विचमध्ये जाते. दार उघडलं की चावी बाहेर येते आणि त्याच क्षणी ड्राइव्ह मोटारीची ताकद काढून घेते. पातं वरच्या वर राहावं म्हणून मोटारीला ब्रेक आहे, तो लागतो. म्हणजे दार उघडं आणि पातं हलतंय असं होऊच शकत नाही. कतरण काढायला दाजींना दार उघडावंच लागणार. उघडलं की मशीन मेलं. हे मी स्वतः जोडलं आहे आणि स्वतः बघितलं आहे. पात्याखाली भोपळा ठेवून सयाजीरावांना दाखवलंसुद्धा.

तुझ्या बाबांच्या चरकाला असं दार नव्हतं. तेवढाच फरक आहे, पण तेवढा फरक पुरतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तू तर आता पाणीही फुंकायला लागलीस.

नवरात्र आहे, गोडधोड कर आणि झोप.

रुमाना


आहुपे, ७ ऑक्टोबर २०२५

रुमे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दाराचं वाचून धीर आला.

दसरा छान झाला. सयाजीरावांनी कारखान्यात मोठी पूजा केली, मशीनला झेंडूचे हार, आपट्याची पानं, सगळ्यांना जेवण. धोंडाबाईंनी स्वतःच्या हाताने नारळ वाढवला. सुदर्शन सांगत होता की त्या दिवसापासून लोकांच्या मनावरचं ओझं उतरलं आहे. पातं अजून मधूनच दचकतं, पण आता कुणी त्याच्याबद्दल बोलत नाही. तोही आता हसतो, जेवतो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आत उदबत्ती लावतो, फूल ठेवतो, मग बटण दाबतो. माणसाच्या मनाला आधार लागतो, तो मिळाला.

दसऱ्याच्या आधी मी भीमाशंकरला जाऊन आले. आमच्याकडून रानातून पायवाट आहे. शाळेतल्या दोघी बरोबर होत्या. गाभाऱ्यात उभी राहिले आणि खूप रडले. का रडले विचारू नकोस. आता बरं वाटतं आहे.

तू कधी येतेस? चुलीवरची नाचणीची भाकरी खाऊ घालते.

वृषाली


जुन्नर, १५ ऑक्टोबर २०२५

वृषाली,

तुझ्या पत्रात एक शब्द होता, 'आत'. आत उदबत्ती लावतो आणि मग बटण दाबतो. मी ते वाचलं, बाजूला ठेवलं, चहा प्यायले आणि पुन्हा उचलून वाचलं. आत म्हणजे कुठे? दार उघडून लावत असेल तर पुन्हा दार लावून, मशीन रीसेट करून, पातं मूळ जागेवर नेऊन मगच सुरू करावं लागतं. त्याला वेळ जातो आणि सयाजीराव वेळ घालवणाऱ्यातले नाहीत. म्हणून काल न कळवता कारखान्यात गेले.

आधी थरथरण्याचं. तिथे माझं निदान चुकलं होतं. गेनचा त्यात थोडाच वाटा होता. मी मोटारीची जाड केबल आणि एन्कोडरची बारीक केबल वेगवेगळ्या नेल्या होत्या, मुद्दाम अंतर ठेवून. जाड केबलमधून वीज धक्के मारत जाते, बारीक तिच्याजवळ आली की तिला ते धक्के ऐकू येतात आणि मोटारीला वाटतं आपण हललो, म्हणून ती जागेवर यायला धावते. मी पाठ फिरवल्यावर गोरखने दोन्ही एकत्र करून पट्ट्यांनी आवळल्या होत्या. का? "नीटनेटकं दिसावं म्हून, ताई. पावणं येत्यात बघाया." मी पट्ट्या कापल्या, केबली वेगळ्या केल्या, बारीक केबलच्या जाळीला अर्थिंगची पकड बसवली. पातं असं निश्चल उभं राहिलं की धोंडाबाईंनी हात जोडले. मला नाही, पात्याला.

आता जे लिहायला बसले आहे ते. जाळीच्या दाराच्या आत, पात्याच्या बरोबर खाली, मागच्या पत्र्यावर भीमाशंकराचा फोटो चिकटवला आहे. त्याच्यापुढे उदबत्तीचं घर, फुलं, अंगाऱ्याची एक पुडी. दार उघडं होतं. पातं वर होतं, ड्राइव्हवर हिरवा दिवा होता आणि स्क्रीनवर लिहिलं होतं 'दार बंद'. वृषे, त्या स्विचच्या खोक्यात एक जादा चावी येते. मी ती उरलेल्या सामानाबरोबर सयाजीरावांना दिली होती, रीतीप्रमाणे. ती चावी स्विचमध्ये खुपसलेली होती. तिच्यावर हळदकुंकू होतं.

दाजींनी सांगितलं, दसऱ्याला धोंडाबाई म्हणाल्या होत्या की बंद यंत्राला ओवाळत नाहीत, जितं पाहिजे. दार उघडलं की मशीन मरतं, म्हणून चावी घालून ते जितं ठेवलं. पूजेपुरती घातलेली चावी रोजच्या उदबत्तीसाठी तशीच राहिली. त्या मशीनला आता कुणाचा हात आत आहे हे कळायला काहीही मार्ग नाही. त्याला सांगितलंय की दार बंद आहे आणि ते बिचारं त्यावर विश्वास ठेवून बसलंय.

मी चावी काढली. सयाजीराव म्हणाले, "रुमाना, तुझं बरोबर हाय, पण लोकं बिथरतील. मला सीझन काढायचाय." मी फोटो बाहेरच्या भिंतीला लावा म्हटलं. आमच्या अम्मीनेही अब्बांच्या दुकानात तावीज बांधलाय, पण तो दारावर आहे, मोटारीच्या पोटात नाही. ते दाजींकडे बघत राहिले आणि दाजी म्हणाले, "ताई, जागा बदलता यायची न्हाई. घरचा शबुद हाय."

घरचा म्हणजे तुझा ना? काय शब्द घेतला आहेस त्यांच्याकडून? मी निघाले तेव्हा चावी सयाजीरावांच्या खिशात होती. ती खिशात किती दिवस राहील ते मला माहीत नाही. सयाजीराव माझं ऐकणार नाहीत, दाजी तुझं ऐकतील. आधी मी तुझ्या भीतीवर हसत होते. आता मी घाबरले आहे.

रुमाना


आहुपे, २४ ऑक्टोबर २०२५

रुमे,

दिवाळीत तुझं पत्र दिव्याखाली ठेवलं होतं. रोज वाटायचं आज उत्तर लिहीन.

तो अंगारा माझा आहे. भीमाशंकरहून मी आणला. फोटोही मीच दिला. सुदर्शनला मी देवासमोर बसवून शब्द घेतला की पात्याच्या जवळात जवळ जिथे ठेवता येईल तिथे हे ठेव आणि रोज पहिलं फूल तिथे वाहा, म्हणजे ते तुझ्याकडे वाकडी नजर करणार नाही. मला काय माहीत होतं ते मशीन चालू ठेवून करतात? तू लिहिलं होतंस ना, दार उघडलं की मशीन मरतं, म्हणून मी निर्धास्त होते. तुझ्याच शब्दावर मी त्याला आत हात घालायला सांगितलं, हे वाचून तुला कसं वाटेल मला कळतं. मला तर जेवण जात नाही.

फोटो तिथून काढायला लाव म्हणतेस. रुमे, मी रात्रंदिवस तोच विचार करते. पण तो लावल्यावर दोन आठवड्यांत थरथरणं थांबलं. तू म्हणशील केबल वेगळी केली म्हणून थांबलं. असेल. पण कारखान्यातलं कुणी तसं म्हणत नाही, आणि मलाही पहाटे जाग येते तेव्हा केबल आठवत नाही, बाबांचा हात आठवतो. आता काढून घेतला आणि काही झालं तर? विषाची परीक्षा कोण घेणार? माझ्याच्याने होत नाही.

पण तुझं म्हणणं मी टाकलं नाही. भाऊबीजेला सुदर्शन घरी होता, तेव्हा त्याला शपथ घालून सांगितलं की तुझा हात यापुढे आत जायचा नाही. तो आधी कुरकुरला, मग कबूल झाला. आमची मुलगी शाळेत जायला लागेल पुढल्या वर्षी, तिच्या डोक्यावर हात ठेवून कबूल झाला. तू निश्चिंत राहा. त्याचा हात आता आत जाणार नाही.

फराळाचा डबा गाडीच्या ड्रायव्हरकडे पाठवते आहे. चकल्या जरा कडक झाल्यात.

वृषाली


जुन्नर, ३० ऑक्टोबर २०२५

वृषे,

टपालात दिवस जातील, म्हणून हे घोडेगावला येऊन आहुप्याच्या गाडीवर देते आहे. ड्रायव्हर म्हणाला उद्या देतो.

तुझं पत्र वाचून आधी हुश्श केलं. मग पुन्हा वाचलं. तू दोनदा लिहिलं आहेस, 'त्याचा हात'. फोटो आतच आहे म्हणजे उदबत्तीही आतच. मग आता हात कुणाचा जातो?

सयाजीरावांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. गोरखला केला, तो म्हणाला, "सगळं बेस चाललंय ताई, तुमी काळजी करू नका." चावी कुठे आहे विचारलं तर फोन कट झाला. सोमवारी मी स्वतः जाऊन स्विच बदलणार आहे, असा बसवीन की जादा चावीने फसणार नाही. पैसे दिले नाहीत तरी चालेल.

तोवर कातळावर जा, सगळं गाव ऐकू दे, आणि दाजींना फोन करून सांग की फोटो बाहेर काढा. तू सांगितलंस तरच निघेल.

रुमाना


आहुपे, ९ नोव्हेंबर २०२५

रुमाना,

तुझी चिठ्ठी ड्रायव्हरने आणून दिली तेव्हा मी कातळावरच उभी होते. मला खालच्या आळीतल्या पोराने बोलावून नेलं होतं, कारखान्यातून फोन आहे म्हणून. तुझी चिठ्ठी हातात घेतली आणि न उघडता तशीच मुठीत धरून फोन कानाला लावला.

पलीकडे सयाजीराव होते. म्हणाले, "बाई, मशीनमधी हात गेला." मी खाली बसले. मग म्हणाले, "गोरखचा." आणि रुमे, माझ्या तोंडून काय निघालं ते सगळ्या गावाने ऐकलं. मी म्हणाले, "देवा, वाचवलंस."

पुढचं तुला माहीत आहे. तू दुसऱ्या दिवशीच गेलीस, पोलिसांना ती चावी दाखवलीस, सयाजीरावांवर केस झाली, मशीन बंद आहे. तुला सगळ्यांनी सगळं सांगितलं असेल. एक गोष्ट कुणी सांगितली नसेल, कारण ती दोघांनाच ठाऊक आहे.

भाऊबीजेला मी सुदर्शनला शपथ घातली तेव्हा तो म्हणाला होता, "मग फूल कोन वाहनार? बंद केलं तर लोकं मलाच बोलतील." आणि मी म्हणाले, गोरखला सांग. त्यालाच जास्त धास्ती आहे, तो आनंदाने करेल. असं म्हणाले मी, भाकरी थापता थापता. तू लिहिलेलं सगळं मला कळलं होतं. दार उघडं आहे, चावी पुन्हा खुपसली जाणार, मशीनला काही दिसत नाही, सगळं कळलं होतं. त्यातून मी माझ्या माणसाचा हात बाहेर काढला आणि दुसऱ्याचा आत घातला. तुला पत्रात लिहिताना ते वाक्य मी गाळलं. मुद्दाम गाळलं.

आणि बटण सुदर्शनने दाबलं. तो स्क्रीनपाशी होता, गोरख पलीकडे उघड्या दारातून वाकून आत फूल ठेवत होता. मधल्या पत्र्यामुळे तो दिसत नव्हता. चावी पुन्हा स्विचमध्ये होती, म्हणून स्क्रीनवर दार बंद होतं. सुदर्शन म्हणतो, "उदबत्तीचा वास आला. मला वाटलं झालं त्याचं." एवढंच म्हणतो आणि पुन्हा तेच म्हणतो. जेवायला बसला की उजवा हात मांडीखाली ठेवतो. मुलगी जवळ आली तर तिला त्या हाताने उचलत नाही. मी ज्या हातांसाठी एवढं केलं ते दोन्ही हात धडधाकट आहेत आणि त्याला ते नको झाले आहेत.

परवा मी नारायणगावच्या दवाखान्यात गेले होते, गोरखला बघायला. त्याची बायको प्रतिभा, माझ्यापेक्षा लहान आहे, सातवा महिना चालू आहे. मला बघून उठायला लागली. मी रस्ताभर ठरवून गेले होते की सगळं सांगायचं, पाया पडायचं. आणि तिने माझेच हात धरले. म्हणाली, "बाई, तुमचा अंगारा व्हता म्हून दोन बोटांवर निभावलं. न्हाईतर हातच गेला असता. डाक्टर बी म्हनले नशीब लई चांगलं." गोरख पडल्या पडल्या मान हलवत होता. मग ती हळूच म्हणाली, "अजून थोडा आसल तर द्या. पोटातल्या लेकराला लावते."

पुडी पर्समध्ये होती. मी ती काढून तिच्या हातावर ठेवली. तिने डोक्याला लावली, गोरखच्या पट्टीवर थोडी शिंपडली आणि मला चहा मागवला. मी तो प्यायले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. सांगणार आहे. तिने मला शिव्या द्याव्यात, पोरगं होईपर्यंत तोंड बघू नये, काहीही चालेल, पण तिने माझे उपकार मानणं मला सहन होत नाही. फक्त एक कर. तू दवाखान्याच्या दारात उभी राहा. आत येऊ नकोस, पण दारात राहा. मी चहा पिऊन तशीच बाहेर येईन, याची मला भीती वाटते.

वृषाली